एका फॉर्मला तीन बटणं: तुम्ही नेमकं कोणतं दाबलंत, हे वेबसाइटला कसं कळतं?

२०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरतीच होती. धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा इथल्या पोरांना तोवर कॉलेजच्या खिडकीवर जाऊन फॉर्म आणायची सवय. आता तोच फॉर्म मोबाईलवर आला. माहिती भरा, कॉलेजांचा पसंतीक्रम लावा, आणि मग प्रत्येक घरात एकच प्रश्न: “सेव्ह केलंय, म्हणजे झालं ना?”

बऱ्याचदा झालेलं नसतं. प्रवेशाचा असो, शिष्यवृत्तीचा असो की स्पर्धा परीक्षेचा, मोठ्या फॉर्मच्या तळाशी एकापेक्षा जास्त बटणं असतात. एक ‘जतन करा’, एक ‘सादर करा’, एखादं ‘रद्द करा’. दिसायला शेजारी शेजारी, पण परिणाम पार वेगळे. पहिल्याने तुमचा अर्ज कच्चा पडून राहतो, दुसऱ्याने तो खरोखर पुढे जातो.

अर्ज वेळेत पोचला की नाही याची किंमत आपल्या जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. २०२० च्या खरिपात पावसाने सोयाबीन गेलं, आणि नुकसान ७२ तासांच्या आत कळवलं नाही या कारणावरून हजारो शेतकऱ्यांची पीक विम्याची भरपाई अडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. तो मुद्दा बटणांचा नव्हता, हे मान्य. पण ‘मी कळवलं’ आणि ‘तिकडे पोचलं’ यांत किती अंतर असू शकतं, ते त्यात दिसतं. फॉर्म बनवणाऱ्याच्या हातात हे अंतर थोडं तरी कमी करणं असतं. आज तेच बघू. तुम्ही नुकतंच एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट शिकायला लागला असाल, तेही लॅपटॉप नसताना मोबाईलवरच, तरी चालेल. अ‍ॅकोडसारखं एडिटर अ‍ॅप घ्या आणि सोबत करून बघा. कोडमधली नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.

उदाहरण आपल्या मातीतलं घेऊ. समजा, शेळी विकायची जाहिरात टाकण्यासाठी आपण एक छोटं पान बनवतोय. रकाने असे: गाव, शेळीचं वय, वजन, किंमत, फोन नंबर. खाली तीन बटणं: ‘जपून ठेवा’, ‘जाहिरात टाका’, ‘खोडून टाका’.

बँकेच्या खिडकीची आठवण ठेवा. तुम्ही कॅशियरपुढे पासबुक सरकवलं तर तो पहिला प्रश्न विचारतो, भरायचे की काढायचे? पासबुक तेच, खिडकी तीच, माणूसही तोच. फक्त हेतू वेगळा. फॉर्मचंही तसंच. पाचही रकान्यांतली माहिती तिन्ही बटणांसाठी तीच आहे, सर्व्हरला फक्त हेतू कळायला हवा. आणि गंमत म्हणजे यासाठी जावास्क्रिप्टची गरजच नसते. एचटीएमएलमध्ये ही सोय आधीपासूनच आहे.

बटणाला ‘नेम’ आणि ‘व्हॅल्यू’ द्यायची. तिन्ही बटणांचं नेम एकच ठेवा, समजा ‘कृती’, आणि व्हॅल्यू वेगवेगळी: ‘कच्चा’, ‘प्रकाशित’, ‘खोडा’. फॉर्म जाताना ब्राउझर सगळ्या रकान्यांसोबत फक्त दाबलेल्या बटणाचं नेम आणि व्हॅल्यू पाठवतो. उरलेली दोन बटणं गप्प राहतात. सर्व्हरला ‘कृती बरोबर प्रकाशित’ असं मिळालं की त्याला कळतं काय करायचं. म्हणजे बटण हे नुसतं दाबायचं यंत्र नाही, तोही फॉर्मचा एक रकानाच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा निम्मा गोंधळ संपतो.

इथे एक चूक नवीन पोरं हमखास करतात. बटणावर दिसणारी अक्षरं आणि आतली व्हॅल्यू यांची सरमिसळ. बटणावर काय लिहिलंय ते वाचून कोड निर्णय घेत असेल, तर उद्या कोणी ‘जाहिरात टाका’ बदलून ‘जाहिरात द्या’ केलं की सगळं बंद. आपल्याला हे समजायला पुस्तक नको. २०२३ मध्ये उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, कार्यालयांचे शिक्के बदलले. पण गाड्यांच्या नंबरातलं ‘एमएच २५’ तसंच राहिलं. दिसणारं नाव बदललं, आतला कोड तोच, म्हणून एकाही गाडीची नंबर प्लेट बदलावी लागली नाही. बटणाची व्हॅल्यू म्हणजे हे एमएच २५. (शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. जातीचं नाव कोणी बदललेलं नाही.)

आता दुसरा खड्डा. एचटीएमएलमध्ये बटणाला ‘टाइप’ असतो: सबमिट, रीसेट किंवा बटण. तुम्ही काहीच लिहिलं नाही तर ब्राउझर काय धरतो? सबमिट. बरेच जण समजतात की काही लिहिलं नाही म्हणजे साधं बटण. नाही. फॉर्मच्या आत तुम्ही ‘फोटो बघा’ किंवा ‘अजून एक शेळी जोडा’ असं एखादं मदतीचं बटण टाकलंत आणि टाइप लिहायला विसरलात, तर ते दाबताच अर्धवट फॉर्म निघून जातो आणि पान रीलोड होतं. “सर, माझा फॉर्म आपोआप का जातोय?” या प्रश्नाचं उत्तर दहातल्या आठ वेळा हेच असतं, असं माझा अनुभव सांगतो. मदतीच्या प्रत्येक बटणाला टाइप ‘बटण’ असं स्पष्ट लिहायचं. आणि रीसेट? तो वापरूच नका. वेबच्या सोयीविषयी लिहिणारे जेकब निल्सन यांनी २००० सालीच रीसेट बटणाविरुद्ध लेख लिहिला होता. अर्धा तास बसून भरलेला फॉर्म एका चुकीच्या स्पर्शात कोरा करणारं बटण कुणाला हवंय?

मग जावास्क्रिप्ट कशाला? पान रीलोड न करता माहिती पाठवायची असेल, खोडण्याआधी “नक्की खोडू का?” विचारायचं असेल, नेटवर्क नसेल तर माहिती फोनमध्येच धरून ठेवायची असेल, तेव्हा जावास्क्रिप्ट मधे पडतं.

यूट्यूबवरच्या बऱ्याच व्हिडिओंत पहिली पद्धत दाखवतात ती अशी: प्रत्येक बटणाला वेगळा ‘क्लिक’ लावायचा. क्लिक झालं की त्या बटणाचं काम त्याच फंक्शनमध्ये उरकायचं. चालतं, पण लंगडं. कारण क्लिक आधी होतो आणि फॉर्मची तपासणी नंतर. फोन नंबरचा रकाना सक्तीचा केलाय, वापरणाऱ्याने तो रिकामा ठेवून ‘जाहिरात टाका’ दाबलं. ब्राउझर “हा रकाना भरा” म्हणून अडवतो, पण तुमचं क्लिकवालं फंक्शन त्याच्या आधीच धावून गेलेलं असतं. जाहिरात पडली, नंबरच नाही. आता शेळी घेणार कोण आणि फोन कुणाला करणार?

म्हणून ऐकायचं ते फॉर्मकडून, बटणाकडून नाही. फॉर्मवर ‘सबमिट’ हा इव्हेंट असतो. तो ब्राउझरची तपासणी पास झाल्यावरच येतो. त्या एकाच ठिकाणी कान लावायचा, आणि आलेल्या इव्हेंटला विचारायचं: तुला कुणी पाठवलं? याचं उत्तर ‘सबमिटर’ नावाच्या गुणधर्मात असतं. इव्हेंट टिंब सबमिटर म्हणजे दाबलेलं बटण. त्याची व्हॅल्यू वाचा, आणि ‘कच्चा’ असेल तर हे, ‘प्रकाशित’ असेल तर ते, ‘खोडा’ असेल तर आधी विचारणा. तीन फंक्शन नकोत, ‘शेवटचं बटण कोणतं’ हे लक्षात ठेवायला वेगळा व्हेरिएबल नको.

सबमिटर २०२० मध्ये क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आला, आयफोनच्या सफारीत मार्च २०२२ मध्ये. त्याआधीचे व्हिडिओ आणि लेख अजून फिरतायत, म्हणून त्यांत जुने जुगाड दिसतात. आज हातातल्या बहुतेक फोनवर सबमिटर चालतो. घरातल्या एखाद्या फार जुन्या फोनवर नाही चालला तर? तिथे नेम आणि व्हॅल्यूची जुनी पद्धत खाली आधाराला असतेच, म्हणून ती सोडायची नाही.

यापुढचं प्रकरण मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. असाच शेळ्यांचा फॉर्म मी एका नातेवाइकासाठी बनवला होता. कोडमध्ये ‘खोडून टाका’ सगळ्यात आधी लिहिलं, कारण ते डाव्या कोपऱ्यात लाल रंगात बरं दिसत होतं. मामांनी आधीची नोंद उघडली, किंमत दुरुस्त केली, आणि बटण दाबण्याऐवजी कीबोर्डवरची ‘गो’ची खूण दाबली. नोंद गायब. मामा म्हणाले, “अरे, मी तर कुठल्याच बटणाला हात लावला नाही!” आणि ते खरं बोलत होते.

झालं असं. रकान्यात असताना एंटर किंवा ‘गो’ दाबलं की ब्राउझर फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण शोधतो आणि तेच दाबलं गेलं असं धरतो. पहिलं म्हणजे कोडमध्ये पहिलं, पडद्यावर पहिलं नाही. मी शहाणपणा करून सीएसएसने ते बटण उजवीकडे शेवटी हलवलं, तरी नोंदी उडतच राहिल्या! दिसणं बदललं होतं, क्रम तोच होता. सबमिटरही इथे तुम्हाला वाचवत नाही, तो इमानदारीत ‘खोडा’ असंच सांगतो, कारण ब्राउझरच्या लेखी तेच बटण दाबलं गेलंय.

उपाय सोपा आहे. सगळ्यात निरुपद्रवी बटण कोडमध्ये पहिलं लिहा. आपल्याकडे ते ‘जपून ठेवा’. चुकून एंटर लागला तर फार तर कच्ची प्रत जपली जाईल, कोणाचं काही बिघडणार नाही. खोडायच्या बटणाला तर मी आता फॉर्मच्या आत सबमिट म्हणून ठेवतच नाही. टाइप ‘बटण’, आणि आधी विचारणा. दुसरं कोणी वेगळं सांगेल, पण मामांचा तो चेहरा मी पाहिलाय.

आता ‘जपून ठेवा’ची एक अडचण. कच्चा अर्ज म्हणजे अर्धवटच असणार. पण फोन नंबर सक्तीचा असल्याने ब्राउझर तोही अडवतो. वजन उद्या काट्यावर कळणार आहे, आज नुसतं जपायचंय, तरी फॉर्म हटून बसतो. यासाठी बटणावरच ‘फॉर्मनोव्हॅलिडेट’ असा एक शब्द टाकायचा. मग त्या बटणापुरती तपासणी बंद, ‘जाहिरात टाका’ला मात्र चालू. असाच दुसरा शब्द ‘फॉर्मअ‍ॅक्शन’. त्याने एकाच फॉर्ममधली दोन बटणं माहिती दोन वेगळ्या पत्त्यांवर पाठवू शकतात. दोन्ही एचटीएमएलमध्येच आहेत, एकही ओळ जावास्क्रिप्ट नको. पण कच्ची नोंद आणि पक्की नोंद यांतला फरक सर्व्हरनेही तपासला पाहिजे. ब्राउझरमधलं काहीही वापरणारा बदलू शकतो, त्यामुळे तिथली तपासणी ही सोय आहे, कुलूप नाही.

पान रीलोड न करता माहिती पाठवताना तीन ठिकाणी ठेच लागते. फॉर्मची सगळी माहिती गोळा करायला ‘फॉर्मडेटा’ वापरतात. त्याला नुसता फॉर्म दिला तर रकाने येतात, बटणाची व्हॅल्यू येत नाही! ब्राउझर स्वतः पाठवतो तेव्हा येते, तुम्ही गोळा करता तेव्हा नाही. २०२३ पासूनच्या ब्राउझरांत फॉर्मडेटाला दुसरी वस्तू म्हणून सबमिटर देता येतो, मग बटणही सोबत येतं. जुन्यासाठी हाताने जोडा, एकाच ओळीचं काम आहे.

दुसरी ठेच लोकांना दिवसेंदिवस सतावते. दोनदा दाबलं जाऊ नये म्हणून सबमिट झाल्या झाल्या बटण ‘डिसेबल’ करतात. हेतू चांगला. पण ब्राउझर माहिती गोळा करतो तो सबमिट इव्हेंटनंतर, आणि बंद असलेली वस्तू तो गोळा करतच नाही. म्हणजे फॉर्म जातो, रकाने जातात, बटणाची व्हॅल्यू गळून पडते. सर्व्हर विचारत बसतो, कृती कोणती? क्रम उलटा करा: आधी फॉर्मडेटा बनवून घ्या, मग बटण बंद करा, मग पाठवा. आणि पाठवणं फसलं तर बटण पुन्हा चालू करायला विसरू नका. नाहीतर वापरणारा करड्या बटणाकडे बघत बसतो आणि शेवटी सगळं बंद करून निघून जातो.

तिसरी छोटी, पण चक्रावून टाकणारी. कोडमधून फॉर्म पाठवायचे दोन रस्ते आहेत, ‘सबमिट’ आणि ‘रिक्वेस्टसबमिट’. पहिला थेट ढकलतो: तपासणी नाही, सबमिट इव्हेंट नाही, बटणाची व्हॅल्यूही नाही. दुसरा सगळ्या पायऱ्या पाळतो, आणि त्याला कोणतं बटण हेही सांगता येतं. नवा कोड लिहिताना दुसराच घ्या. त्याला बटण सांगितलं नाही तर सबमिटर रिकामा येतो, म्हणून व्हॅल्यू वाचण्याआधी तो आहे की नाही ते बघायचं. आणि कुठल्याही बटणाचं नेम ‘सबमिट’ ठेवू नका. ठेवलंत तर फॉर्मचं सबमिट नावाचं फंक्शन त्या बटणाआड झाकलं जातं, आणि “हे फंक्शन नाही” असा एरर येऊन तुम्ही तासभर शोधत बसता.

आता नेटवर्क. तुळजापूरच्या बाजारपेठेत जे पान दोन सेकंदांत उघडतं, तेच आडबाजूच्या वस्तीवर एकच दांडी असताना रखडतं. अशा वेळी फॉर्म आधी दिसतो आणि जावास्क्रिप्टची फाइल मागून येते. मधल्या वेळात कोणी बटण दाबलं तर तुमचं जावास्क्रिप्ट अजून जागेवरच नाही. बटणाला नेम, व्हॅल्यू आणि फॉर्मला पत्ता नीट दिलेला असेल तर ब्राउझर साध्या पद्धतीने फॉर्म पाठवतो आणि काम होतं. सगळं जावास्क्रिप्टवर टाकलं असेल तर काहीच होत नाही, आणि माणसाला वाटतं की झालं.

रखडल्या नेटवर्कवर माणूस पुन्हा पुन्हा दाबतो, हेही गृहीत धरा. बटण बंद करणं हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा सर्व्हरवर: फॉर्म उघडतानाच त्यात एक वेगळा क्रमांक लपवून ठेवायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद करायची नाही, जुनीच पावती परत दाखवायची. एकाच शेळीच्या चार जाहिराती पडल्या तर गिऱ्हाइकाला वाटतं मालकाकडे चार शेळ्या आहेत.

आणि पावतीबद्दल. ‘यशस्वी’ एवढंच लिहू नका. ‘जपून ठेवलं आहे, जाहिरात अजून लागलेली नाही’ असं वाक्य लिहा. पक्कं झालं असेल तर ‘जाहिरात लागली’, सोबत नोंद क्रमांक आणि वेळ. सुरुवातीच्या “सेव्ह केलंय, म्हणजे झालं ना?” या प्रश्नाचं खरं उत्तर या एका वाक्यात असतं, आणि ते लिहायला कोणतंही नवं तंत्रज्ञान लागत नाही.

तुमचा फॉर्म तयार झाला की तो चार प्रकारे छळून बघा. प्रत्येक बटण एकेकदा दाबा आणि सर्व्हरकडे कोणती कृती पोचली ते बघा. मग प्रत्येक रकान्यात बसून कीबोर्डवरची एंटर किंवा ‘गो’ दाबा. मग रकाने रिकामे ठेवून ‘जपून ठेवा’ आणि ‘जाहिरात टाका’ दोन्ही दाबा, पहिलं जाऊ द्यायला हवं आणि दुसरं अडवायला हवं. शेवटी बटण दाबून लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पान काय सांगतं ते वाचा. मग फोन घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या ज्याला तुम्ही काहीच समजावलेलं नाही, आणि गप्प बसून त्याचं बोट कुठे जातं ते बघा. माझ्याकडे त्या कामाला मामा आहेत.